एका मीटरमागे दहा लाख वर्षे

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानात, दरीच्या दक्षिण काठावर यावापाई भूशास्त्र संग्रहालय आहे. तेथून ग्रँड कॅनियन व्हिलेजकडे जाणाऱ्या ‘ट्रेल ऑफ टाइम’ या पायवाटेवर दर मीटरला जमिनीत कांस्याची एक चकती बसवलेली आहे. प्रत्येक चकती म्हणजे आजपासून आणखी दहा लाख वर्षे मागे, आणि दर दहाव्या चकतीवर आकडा आहे. या हिशेबाने आधुनिक मानवाचे सारे अस्तित्व पहिल्या फूटभरातच आटोपते. सहासष्टाव्या चकतीशी मराठी पाहुण्याने क्षणभर थांबावे, कारण सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाच्या थरांनी घडला, ते थर साधारण त्याच काळातले आहेत. समोरच्या दरीच्या काठावरचा कैबाब चुनखडक हा तेथील भिंतीतला सर्वांत वरचा आणि म्हणून सर्वांत तरुण थर. पण तो भेटतो थेट 270व्या चकतीच्या आसपास.

वाटेच्या कडेला त्या त्या वयाचे खडक मांडलेले आहेत, आणि ते हात लावून पाहावेत म्हणूनच तेथे ठेवलेले आहेत. दरीच्या तळाशी अनेक ठिकाणी टॅपिट्स वालुकाश्म थेट विष्णू शिस्ट या रूपांतरित खडकावर टेकलेला आहे. (विष्णू, शिव ही नावे येथील शिखरांना एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने दिली, शिस्टचे नाव त्याच ओळीतले.) या दोन खडकांच्या मधल्या सुमारे 120 कोटी वर्षांचा पुरावा तेथे उरलेला नाही. दरीत ती जागा बोटाने दाखवता येते, एका रेघेएवढी. पायवाटेवर मात्र तीच रेघ ओलांडायला जवळजवळ सव्वा किलोमीटर चालावे लागते.

‘ट्रेल ऑफ टाइम’ ही पायवाट 2010 साली खुली झाली. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना येथील विद्यापीठांत शिकवणाऱ्या, स्वतः या दरीतील खडकांवर संशोधन करणाऱ्या भूशास्त्रज्ञांनी ती उद्यानाच्या सोबतीने उभी केली. राष्ट्रीय उद्यानात भूशास्त्रज्ञाला काय काम असते, या प्रश्नाचे उत्तर या वाटेतच आहे: खडकाचे वय ठरवणारा माणूस आणि ते वय पाहुण्याच्या पायांना समजावणारा माणूस येथे एकच असतो.

ही परंपरा जुनी आहे. एडविन मॅकी 1929 साली ग्रँड कॅनियनचे निसर्गतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. पाहुण्यांना दरी समजावून सांगणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. पण सांगता सांगता पडलेले प्रश्न त्यांनी सोडले नाहीत. प्राचीन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांपासून बनलेल्या कोकोनिनो वालुकाश्मात प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत, आणि त्यांतील बहुतेक चढाच्या दिशेने गेलेले दिसतात. ते प्राणी कधी उतरलेच नाहीत काय? मॅकींनी पुढे वाळूचा उतार तयार करून त्यावर जिवंत सरडे चालवले, तेव्हा चढतानाचे ठसे कोरड्या वाळूत टिकले आणि उतरतानाचे ठसे घसरत्या वाळूने बुजवून टाकले. प्राचीन वाळवंटाविषयीचा इतका साधा आणि इतका पटणारा प्रयोग क्वचितच झाला असेल.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात याच पेशाला वेगळी धार आहे. तेथे ग्रॅनाइटचे उत्तुंग कडे आहेत, आणि त्या कड्यांवरून दरडी कोसळतात. पावसाळ्यात घाट ओलांडणाऱ्याला ही धास्ती समजावून सांगायला नको. ऑक्टोबर 2008 मध्ये करी व्हिलेज या मुक्कामाच्या जागी दरड कोसळली, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक खोल्या कायमच्या बंद करण्यात आल्या. उद्यानातील भूशास्त्रज्ञ लेझरने कड्यांचे मोजमाप घेतात, पूर्वी कोसळलेले धोंडे पायथ्यापासून किती दूर गेले ते नोंदवतात, आणि कोणती इमारत कोठे नको हे त्यावरून ठरते. पाहुण्याला तोच कडा दाखवून ‘हा अजून घडतो आहे’ असे सांगणे हा त्या कामाचाच भाग आहे.

या क्षेत्रात शिरण्याच्या वाटा मोजक्या आहेत. भूशास्त्रज्ञाची कायम पदे फारच थोडी. हंगामी रेंजरची (उद्यानाच्या रक्षक-मार्गदर्शकाची) पदे त्याहून अधिक असली, तरी ती काही महिन्यांत संपतात, आणि पुढच्या हंगामाची शाश्वती नसते. विद्यार्थ्यांसाठी आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या सहकार्याने ‘जिओसायंटिस्ट्स-इन-द-पार्क्स’ हा कार्यक्रम अनेक वर्षे चालला, आणि आता ‘सायंटिस्ट्स इन पार्क्स’ या नावाने तसेच काम होते. कोणी जीवाश्मांची यादी करते, कोणी गुहेचे मोजमाप घेते, कोणी फलकाचा मजकूर लिहिते. यांपैकी फलकाचे काम अनेकांना दुय्यम वाटते. माझ्या मते तेच सर्वांत अवघड आहे, कारण तेथे संकल्पना शंभरेक शब्दांत बसवावी लागते आणि वाचणाऱ्याचे एक मूल हात ओढत असते.

सरकारी पदे बहुतांशी अमेरिकी नागरिकांसाठी असतात. भूशास्त्रात एमएस करायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याची वाट त्यामुळे विद्यापीठातून जाते. उद्यानाचा संशोधन परवाना मिळाला, तर प्रबंधाचे काम तेथे करता येते. परवान्याशिवाय मात्र साधा खडाही उचलता येत नाही, मग हातोडा चालवणे दूरच.

यावापाईची इमारत 1928 सालची आहे. दरीची भूरचना सर्वांत चांगली कोठून दिसते हे भूशास्त्रज्ञांनी पाहिले, आणि त्यानुसार ती जागा निवडली गेली. तेथील मोठ्या खिडकीपाशी आजही रेंजर भूशास्त्रावर बोलतात, आणि ऐकणारे प्रथम खिडकीबाहेर, मग खाली, मग पुन्हा वर पाहतात.