चोरीथो, चाबाल आणि आपला छावा

तर मंडळी, स्पॅनिशच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी 'ओला' शिकवतात, पण माद्रिदच्या मेट्रोत पोरं काय बोलतात ते कुणी शिकवत नाही. तिथं दर दोन वाक्यांनी 'बाले' येतं, म्हणजे आपलं "चालेल", आणि 'तीओ' म्हणजे खरं तर काका किंवा मामा, पण विशीतली पोरं एकमेकांनाच तीओ तीओ करत असतात, आपण "भावा" म्हणतो ना तसं. 'ग्वाय' म्हणजे भारी. मेक्सिकोत दोस्ताला 'वेय' म्हणतात आणि तो मूळचा बैल आहे, असो.

मला अडकवलं ते 'कालो'नं. ही स्पेनमधल्या रोमा लोकांची, खितानोंची बोली. हे लोक साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघून फिरत फिरत तिकडं पोचले, 1425 मध्ये आरागॉनच्या राजानं त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला प्रवासाचा परवाना दिल्याची नोंद आहे. पुढं मात्र त्यांच्या बोलण्यावर, कपड्यांवर बंदीचे कायदे आले, 1749 मध्ये तर सरकारनं त्यांची देशभर धरपकड केली, हजारो माणसं, बायकापोरांसकट. आणि गंमत बघा, ज्या बोलीवर बंदी घातली तिचेच शब्द आज सगळा स्पेन बोलतो. 'कालो' या नावाचा अर्थच मुळात काळा, म्हणजे ऐकतानाच ओळख पटते की नाही?

आता 'चोरीथो'. हा म्हणजे लाल तिखट घातलेलं सॉसेज, पण स्लँगमध्ये चोर, भ्रष्ट पुढारी. हे दोन वेगळे शब्द आहेत बरं का, चोरवाला कालोतल्या 'चोरी'वरून आला आणि सॉसेजच्या नावात मिसळून गेला. कालोत चोरी म्हणजे चोर, आपल्यासारखी चोरी नाही. 2011 मध्ये माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात लोक निषेधाचं धरणं धरून बसले होते तेव्हा घोषणा होती, "एवढ्या चोरीथोंना पुरेल इतका पाव नाही", आणि सॉसेज पावात घालून खातात हे माहीत असलं की ती घोषणा दुप्पट झोंबते. मला तर ती आपल्याकडच्या मोर्चातलीच वाटते.

'कामेलार' म्हणजे गोड बोलून पटवणं, मस्का लावणं, आणि त्याच्या मुळाशी आपला कामदेवातला काम बसलाय. 'कुरार' म्हणजे राबणं, सोमवारी सकाळी सगळ्यांच्या तोंडी, तोही कालोतलाच.

आणि माझा सगळ्यात लाडका 'चाबाल', म्हणजे पोरगा. रोमा भाषेत 'छावो', मुलगा, आणि आपल्याकडे छावा, दोघं एकाच घरातले! बारमधला म्हातारा वेटर चाळिशीच्या गिऱ्हाइकालासुद्धा "काय चाबाल, काय देऊ?" म्हणतो आणि गिऱ्हाईक खूश. मुलगी असेल तर 'चाबाला'. मागच्या रांगेतून कुणीतरी "छावी!" म्हणालं, ऐकलं मी. हो, बरोबर आहे, पण चाबाला चारचौघांत चालतं, तुमची छावी घरी म्हणून बघा.