अर्धी गोळी: क्लोझापिनचा हिशेब

[दृश्य: स्टीलची ताटली. गोळी कापायची छोटी डबी. फिकट पिवळ्या गोळीचे दोन तुकडे.]

ही 25 मिलिग्रॅमची गोळी. पहिल्या रात्री द्यायची ती अर्धीच, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम. हाच माणूस पुढे दिवसाला तीनशे-चारशे मिलिग्रॅमवर जाणार असतो, तरी सुरुवात याच तुकड्याने होते. औषधाचं नाव क्लोझापिन. स्किझोफ्रेनियावरच्या ज्या औषधांना आज ‘नव्या पिढीची’ म्हणतात, त्यांच्यातलं हे सगळ्यात जुनं.

[दृश्य: बर्न शहराचं जुनं छायाचित्र.]

1950च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे वांडर कंपनीत हे रसायन तयार झालं. तेव्हाच्या औषधांनी भास आणि संशय कमी व्हायचे, पण हातपाय ताठरायचे, चेहरा लाकडासारखा व्हायचा. औषध लागू पडल्याची ती खूणच, असं डॉक्टर मानत. नवं औषध दिलं की प्राणी पुतळ्यासारखा थिजतो का, ही तर तेव्हाची चाचणीच होती. क्लोझापिन दिलेले प्राणी थिजेनात. म्हणजे हे औषध कुचकामी, असा अर्थ निघाला आणि कंपनीचा उत्साह मावळला. तरीही 1972मध्ये ते युरोपातल्या काही देशांत विक्रीला आलं.

1975मध्ये फिनलंडमध्ये घात झाला. औषध बाजारात येऊन काही महिनेच झाले होते. काही रुग्णांच्या रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आणि किमान आठ जण दगावले. बऱ्याच देशांतून औषध मागे घेतलं गेलं.

ते परत आणलं एका कठीण परीक्षेने. अमेरिकेतल्या 1988च्या चाचणीत 268 रुग्ण होते. आधीची निदान तीन औषधं त्यांच्यावर वाया गेलेली. सहा आठवड्यांत जुन्या क्लोरप्रोमाझिनने 4 टक्के रुग्ण सुधारले, क्लोझापिनने 30 टक्के. पुढच्याच वर्षी तिथे परवानगी मिळाली, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर.

[दृश्य: पेशींमधल्या फटीचं रेखाचित्र.]

मेंदूत डोपामिन हे निरोप नेणारं रसायन पेशींवरच्या ज्या ग्राहींवर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागांवर, बसतं, त्यातले डी-टू ग्राही जुनी औषधं घट्ट अडवून धरतात. साधारण 80 टक्क्यांच्या पुढे ग्राही अडले की शरीर ताठरू लागतं. क्लोझापिन नेहमीच्या मात्रेत चाळीस ते साठ टक्केच अडवतं, आणि तेही सैल. बसतं आणि उठून जातं. शिवाय ते अशाच इतर रसायनांच्या ग्राहींवरही बसतं: सिरोटोनिनच्या, हिस्टामिनच्या, अॅसिटिलकोलिनच्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फा-वन ग्राहींवरही. दुष्परिणामांची यादी इथेच तयार होते. हिस्टामिन अडलं की झोप आणि भूक, अल्फा-वन अडलं की उभं राहताना चक्कर, अॅसिटिलकोलिन अडलं की आतडी सुस्त. बाकी औषधं हरतात तिथे हे का चालतं, याचा पुरता उलगडा मात्र विज्ञानाला अजून झालेला नाही.

दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येकी पुरेशा मात्रेत, निदान सहा आठवडे आणि खरोखर पोटात गेलेली. तरीही कानात येणारे भासाचे आवाज थांबत नसतील तर क्लोझापिनची वेळ झाली. स्किझोफ्रेनियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांची अशी गत असते. वारंवार आत्महत्येकडे वळणाऱ्या रुग्णांसाठीही 2002पासून अमेरिकेत त्याला मान्यता आहे. पार्किन्सनमध्ये होणाऱ्या भासांवर ते अगदी थोड्या मात्रेत देतात, कारण ते कंप वाढवत नाही. प्रत्यक्षात रक्ततपासणीच्या धास्तीने ते वर्षानुवर्षं लांबणीवर पडतं. ती वर्षं रुग्णाची जातात.

[दृश्य: घरातली वही. तारीख, गोळ्या, नाडी, बीपी, शौच असे रकाने.]

सहन होईल तसं रोज 25 किंवा 50 मिलिग्रॅम वाढवत दोन आठवड्यांत 300 ते 450पर्यंत जातात, तेही रुग्णालयात. घरी राहून उपचार असतील तर चाल याहून धिमी. आशियाई रुग्णांना, विशेषतः धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांना, बरेचदा कमी मात्रा पुरते. 900च्या वर जायचं नाही, आणि सहाशेच्या पुढे फिटच्या झटक्यांचा धोका चांगलाच वाढतो.

आता त्या अर्ध्या गोळीकडे परत. समजा लग्नाला गावी गेलात, स्ट्रिप घरी राहिली, दोन दिवस औषध नाही. तिसऱ्या दिवशी परतल्यावर पूर्वीच्या चार गोळ्या द्यायच्या नाहीत. 48 तास उलटले की शरीराची सवय मोडलेली असते. एकदम पूर्ण मात्रा दिली तर रक्तदाब कोसळून माणूस जागीच पडू शकतो. डॉक्टरांना फोन करायचा आणि पुन्हा साडेबारापासून चढायचं.

[दृश्य: सीबीसीचा रिपोर्ट, बोट दोन ओळींवर.]

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. रिपोर्टमधल्या दोन ओळी बघा. टीएलसी, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, 4,100; त्यांतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पेशी, 34 टक्के. टीएलसी चार हजारांच्या वर आहे म्हणून लॅबने त्यापुढे खूण केलेली नाही. पण गुणाकार करा: 4,100चे 34 टक्के म्हणजे 1,394. पाहायचा आकडा हा. सुरू करताना तो निदान 1,500 हवा. त्याखाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. काही देशांत इथेच औषध थांबवतात, अमेरिकेत एक हजाराखाली. तपासणी सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला, कारण धोक्याचा मोठा भाग याच काळात असतो. काही ठिकाणी सहा महिने. पुढे अंतर वाढत जातं. अमेरिकेने 2025मध्ये रुग्णांची आणि त्यांच्या रक्ततपासणीची सक्तीची नोंदणी रद्द केली, पण तपासणी करू नका असं त्यांनी म्हटलेलं नाही. मधल्या काळात ताप किंवा घसादुखी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सीबीसी.

पहिल्या दोन महिन्यांतला ताप हृदयाचाही असू शकतो. ताप, बसल्या जागी नाडी 120, छातीत दुखणं, धाप असं काही दिसलं तर रक्तातलं सीआरपी (सुजेची खूण) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) तपासायला हवं. हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर औषध तिथल्या तिथे थांबतं.

रक्ताची भीती सगळ्यांना असते. पोटाकडे कुणाचं लक्ष नसतं. आमच्या मते घरच्यांनी रोज विचारायचा प्रश्न एकच: आज झाली का? क्लोझापिनने आतडी इतकी मंदावतात की मळ दगडासारखा अडकतो, आतडं फुगतं, फाटतं. माणसं दगावतात ती यानेही. रुग्ण आपणहून सांगत नाही, म्हणून वहीत शौचाचा रकाना. रेचक पहिल्यापासूनच, डॉक्टर सांगतील ते. नुसतं इसबगोल नको, कारण ढकलणारं आतडंच सुस्त असेल तर ते आतच फुगून बसतं. तीन दिवस शौच नाही आणि पोट टम्म, उलट्या, तर घरगुती काढे न करता थेट रुग्णालय.

लाळ इतकी गळते की सकाळी उशी ओली असते. दोन उशा आणि वर टॉवेल, हा साधा उपाय बऱ्यापैकी चालतो. वजन, साखर आणि चरबी सुरुवातीला आणि पुढे दर काही महिन्यांनी तपासतात. मधुमेह आधीपासून घरात असेल तर जास्त कसून.

[दृश्य: मेडिकलचं काउंटर. मग पानपट्टी.]

काउंटरवर लघवीच्या जळजळीसाठी सहज मिळणारं सिप्रोफ्लॉक्सासिन क्लोझापिनची रक्तातली पातळी बेसुमार वाढवू शकतं. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) क्लोझापिन मोडतं, त्यालाच ते अडवतं. विडी-सिगारेटचं उलटं. धुरामुळे तेच विकर जोमाने चालतं आणि औषध लवकर संपतं. इथे निकोटिनचा संबंध नाही, सगळं काम धुराचं. तंबाखू-चुना मळणाऱ्याला हा हिशेब लागू नाही.

म्हणून वॉर्डात विडी बंद झाली की त्याच गोळ्यांवर आठवडाभरात पातळी चढते. माणूस गुंगीत जातो, लाळ वाढते, कधी झटका येतो. मात्रा कमी करून त्याला घरी पाठवतात. घरी विडी पुन्हा सुरू होते, पातळी घसरते, आणि थोड्याच आठवड्यांत आवाज परत. सगळे म्हणतात, गोळ्या टाळत असणार. खिशातली काडेपेटी बघायचं कुणाला सुचत नाही.