तक्रार नसलेला माणूस

(दृश्य : दंडाला गुंडाळलेला पट्टा. हात कुणाचा, ते दिसत नाही. रबरी फुगा दाबल्याचा आवाज.)

पट्टा आवळत जातो. बोटांना मुंग्या येतात. मग हवा हळूहळू सुटू लागते. स्टेथोस्कोप कानाला लावलेल्याला थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. आणि मग... ठक. ठक. ठक. पहिला ठोका ऐकू आला, तो वरचा आकडा. ठोके विरून गेले, तो खालचा.

रक्तदाब मोजायचा हा पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. ठोके ऐकून आकडा धरायची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. म्हणजे तंत्राने शंभरी कधीच ओलांडली. सुई नाही, रक्त नाही, उपाशीपोटी येण्याची भानगड नाही. पाच मिनिटं टेकून बसायचं आणि दंड पुढे करायचा.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला हिशेब ऐका. ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांचा रक्तदाब जास्त आहे. त्यातल्या ४६ टक्के लोकांना तो आहे, याचा पत्ताच नाही.

(दृश्य : दवाखान्याची प्रतीक्षा खोली. माणसं. मागे खोकल्याचा आवाज.)

पत्ता नसण्याचं कारण साधं आहे. तो दुखत नाही. दाढ ठणकली की माणूस रात्र कशीबशी काढतो आणि सकाळी दवाखान्याच्या दारात उभा राहतो. वाढलेला रक्तदाब असा कुणाला उठवून दारात आणत नाही. सुरुवातीची वाढलेली साखरही नाही, की आतड्यातला वाटाण्याएवढा कोंब, ज्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो, तोही नाही.

आणि दवाखाना तर सगळा तक्रारीवर चालतो. आत गेल्यावर पहिला प्रश्न काय? "काय होतंय?" ज्याला काहीच होत नाही, त्याने यावर काय सांगायचं? "काही नाही, सहज आलो" असं म्हणून रांगेत बसणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? त्याच्या शेजारी तापाने फणफणलेलं मूल असतं, कण्हणारी आजी असते. त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि तो उठून जातो.

लहान मुलांचं असं होत नाही. त्यांच्यासाठी लसीकरणाचं कार्ड असतं, पुढची तारीख लिहिलेली असते, कुणीतरी आठवण करतं. अठरा वर्षं झाली की ते कार्ड कपाटात जातं आणि बोलावणी थांबतात. धनुर्वाताच्या लशीचा डोस मोठेपणीही पुन्हा घ्यायचा असतो, हे बहुतेकांना गंजका खिळा पायात घुसतो त्या दिवशी कळतं.

म्हणून या फिल्मचा प्रश्न तपासण्यांचा नाही. तपासण्या आहेत. तक्रार नसलेल्या माणसाला बोलवायचं कुणी, हा प्रश्न आहे.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. कोळशाची खाण, चढावरची घरं.)

वेल्समधलं ग्लिनकोरुग. खाणकामगारांचं गाव. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर इथे काम करत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ठरवलं, की गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायचा. शिबिर नाही, मंडप नाही. कुणी बोट कापलं म्हणून आला, कुणी कामावरच्या रजेसाठी सर्टिफिकेट मागायला आला, की जाता जाता दंडाला पट्टा. जे आलेच नाहीत त्यांची नावं यादीत उरली, आणि मग त्या नावांच्या मागे लागायचं. आता वाचताना हे अगदी साधं वाटतं. पण आलेल्यांना तपासणं हे डॉक्टरचं काम, आणि न आलेल्यांची यादी ठेवणं हेही डॉक्टरचंच काम, असं तेव्हा फार थोडे लोक मानत.

याच डॉक्टरांनी १९७१ मध्ये एक निरीक्षण मांडलं. चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे गरज जास्त, तिथेच ती कमी मिळते. त्याला त्यांनी 'व्यस्त सेवेचा नियम' म्हटलं, व्यस्त म्हणजे उलट्या प्रमाणातली. उपचारांच्या बाबतीत हे खरं आहेच. प्रतिबंधाच्या बाबतीत मला ते दुप्पट खरं वाटतं. आजारी गरीब माणूस निदान ओरडतो तरी. तब्येत ठीक वाटणारा गरीब माणूस कामावर जातो.

(दृश्य : काचपट्टी. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी.)

न बोलावण्याची किंमत किती, हे मोजण्याचा एक विलक्षण योग जुळून आला होता. उत्तर युरोपातले शेजारी देश. सगळ्यांकडे एकच तपासणी, गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन बघण्याची, पॅप स्मिअर. आइसलँड आणि फिनलंडने साठच्या दशकातच देशभर यादी केली आणि त्या यादीतल्या बायकांना रीतसर बोलावणं धाडलं. नॉर्वेतही चाचणी होत होती, पण संघटित मोहीम लोकसंख्येच्या जेमतेम ५ टक्क्यांपुरती. बाकी जिला वाटलं ती गेली, किंवा तिच्या डॉक्टरला आठवलं म्हणून झाली.

१९६५ ते १९८२ या काळात या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण आइसलँडमध्ये ८० टक्क्यांनी घटलं. फिनलंडमध्ये ५० टक्क्यांनी. नॉर्वेत १० टक्क्यांनी.

काचपट्टी तीच, सूक्ष्मदर्शक तोच. फरक पाकिटाचा होता, नाव-पत्ता घातलेल्या पाकिटाचा.

ब्रिटनला हे उमगायला १९८८ उजाडलं. तोवर तिथेही तपासणी होतीच, पण त्याच त्या तरुण, जागरूक बायका पुन्हा पुन्हा तपासल्या जायच्या आणि ज्यांना धोका जास्त त्या पन्नाशीच्या बायका कुणाच्या गावीही नसायच्या. १९८८ मध्ये संगणकावरच्या यादीतून प्रत्येकीला बोलावणं सुरू झालं. तेव्हा पात्र बायकांपैकी सुमारे ४२ टक्के तपासणीच्या कक्षेत होत्या, १९९४ मध्ये ८५ टक्के. 'लोकांमध्ये जागृती नाही' असं म्हणून हात झटकणाऱ्या प्रत्येक धोरणकर्त्याच्या टेबलावर हे दोन आकडे फ्रेम करून ठेवावेत, असं मला फार वाटतं. सहा वर्षांत बायका एकदम जागृत झाल्या नव्हत्या. त्यांना पत्र आलं होतं.

(दृश्य : टेबलावर बिलांचा गठ्ठा. एक कागद उलगडला जातो.)

आता पैशाकडे येऊ. इथे कायद्याची भाषा फार बारकाईने वाचावी लागते.

अमेरिकेत १९६५ मध्ये मेडिकेअर आलं, ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा. आजाराचं निदान किंवा आजारावरचा उपचार, याचे पैसे मिळणार. धडधाकट माणसाची तपासणी या दोन्हींत बसत नाही, म्हणून ती बाहेर. न्यूमोनिया झाला तर रुग्णालयाचं बिल भरलं जाई, तो टाळणाऱ्या न्यूमोकोकल लशीचे पैसे मिळू लागले थेट १९८१ मध्ये. सोळा वर्षं हे असंच चाललं.

मग २०१० चा कायदा. तज्ज्ञांच्या समितीने ज्या प्रतिबंधक सेवांना वरची श्रेणी दिली, त्या विमा कंपन्यांनी रुग्णाच्या खिशाला हात न लावता द्यायच्या. छान. आता एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. पन्नाशीचा माणूस मोठ्या आतड्याची तपासणी करायला येतो. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घेऊन पोट रिकामं केलेलं, रात्रभर झोप नाही. टेबलावर कुशीवर झोपतो. दुर्बीण आत जाते. काही सापडलं नाही, तर ती तपासणी. फुकट. पण डॉक्टरला एक कोंब दिसला आणि त्याने तो तिथल्या तिथे काढला, की तोच प्रसंग कागदावर 'उपचार' होतो. माणूस गुंगीतून उठतो तेव्हा त्याच्या नावाने बिल तयार असतं. ज्याच्यासाठी तपासणी करायची तीच गोष्ट सापडली, म्हणून दंड!

खासगी विम्यापुरतं हे २०१३ मध्ये स्पष्ट करण्यात आलं, की कोंब काढणं हा तपासणीचाच भाग. मेडिकेअरसाठी २०२० च्या अखेरीस कायदा झाला आणि रुग्णाच्या वाट्याची रक्कम टप्प्याटप्प्याने कमी होत २०३० मध्ये शून्यावर यायची आहे. एका कोंबाला वीस वर्षं.

हे फक्त त्या देशाचं दुखणं नाही. पहिली चाचणी मोफत आणि दुसरी विकत, अशी रचना जिथे जिथे आहे तिथे हेच होतं. पहिल्या चाचणीने संशय आला, म्हणजे माणसाची झोप गेली. आणि खात्री करायची चाचणी त्याला परवडत नाही. यापेक्षा त्याला बोलावलंच नसतं तर बरं, असं म्हणायची पाळी येते.

आणि पैसा म्हणजे केवळ फी नव्हे. रोजावर काम करणाऱ्याचा खाडा पडतो. दवाखाना नऊ ते पाच, त्याचं कामही नऊ ते पाच. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्याच्याजवळ कोण बसणार, हे आधी ठरवावं लागतं. तपासणीच्या खर्चाच्या तक्त्यात यातलं काहीच येत नाही.

(दृश्य : केशकर्तनालयाची खुर्ची. आरसा. वस्तऱ्याचा आवाज.)

लॉस एंजेलिस परिसरातली ५२ केशकर्तनालयं. गिऱ्हाईकं कृष्णवर्णीय पुरुष. या गटात उच्च रक्तदाबाचं प्रमाण मोठं आणि डॉक्टरवरचा विश्वास कमी, तोही सकारण. संशोधकांनी वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त असलेले ३१९ जण घेतले. निम्म्या दुकानांत न्हाव्याने एवढंच करायचं, की 'डॉक्टरला दाखव बाबा' असं सांगायचं. उरलेल्या दुकानांत औषधतज्ज्ञच खुर्चीपाशी येई, रक्तदाब मोजे, आणि डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने औषध सुरू करी. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांत सल्ल्याच्या दुकानांत वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला. औषधतज्ज्ञाच्या दुकानांत २७ ने.

ती माणसं बदलली नव्हती. दर काही आठवड्यांनी केस कापायला ती तशीही येतच होती.

(दृश्य : बंद दार. आत नळाचा आवाज. टेबलावर कापसाचा बोळा लावलेली लांब काडी आणि नळी.)

काही दारं मात्र उघडीच नको असतात. गर्भाशयमुखाची तपासणी टाळणाऱ्या बाईला आळशी म्हणणं सोपं आहे. तो लोखंडी थंडगार स्पर्श, अनोळखी डॉक्टर, मागे कधीतरी दुखलेलं, किंवा त्याहून वाईट काही घडलेलं. हा कर्करोग बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो, हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. त्या शोधाचा एक फायदा थेट या बंद दारापर्यंत पोहोचला. शोधायचा विषाणूच आहे, तर नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून तपासणीला पात्र असलेल्या प्रत्येकीला ही मुभा दिली. ती आत जाते, कडी लावते, नळीचं टोपण घट्ट करून बाहेर येते.

(दृश्य : मानेवरून फिरणारा सोनोग्राफीचा दांडा.)

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करून टाका. थांबा.

दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हती. पण आलाच आहात तर थोडे जास्त पैसे देऊन मानेची सोनोग्राफीही करून घ्या, असा प्रघात पडला. २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं होतं. त्याने होणारे मृत्यू? होते तेवढेच. म्हणजे जन्मभर निवांत पडून राहिल्या असत्या अशा गाठी शोधल्या, ग्रंथी काढल्या, आणि हजारो धडधाकट माणसांना आयुष्यभराची गोळी लावून दिली. २०१४ मध्ये डॉक्टरांच्याच एका गटाने जाहीरपणे हे थांबवा म्हटलं, तेव्हा शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

डेन्मार्कचा अनुभव आणखी अवघड. तिथे सुमारे ६० हजार लोकांच्या अभ्यासात एका गटाला बोलावून तपासलं, धोका सांगितला, जीवनशैलीबद्दल सल्ला दिला. दहा वर्षांनी दोन्ही गटांतल्या हृदयविकारात आणि मृत्यूंत फरक नव्हता. 'फुल बॉडी' तपासणीची चकचकीत पाकिटं विकणाऱ्यांना हा अभ्यास आवडत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. सल्ल्याने २७ आकडे उतरत नाहीत, हे न्हाव्याच्या दुकानातही दिसलंच होतं.

जेम्स विल्सन आणि गुनार युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच कसोट्या लिहून ठेवल्या होत्या. सापडलेल्या आजारावर मान्य उपचार हवा. तो करायची सोय हवी. आणि हे काम एकदाच करून संपणारं नाही, ते सतत चालत राहायला हवं. मोहिमेचा फलक उतरवला की फाइल बंद करणाऱ्यांनी ही शेवटची अट बहुधा वाचलीच नसावी.

(दृश्य : संध्याकाळ. लहानशी खोली, एक टेबल, यादी. बऱ्याच नावांपुढे बरोबरची खूण. फोन कानाला लावलेली आरोग्यसेविका.)

यादीत सात नावं उरली आहेत. पहिल्या नावाला हा तिसरा फोन. बराच वेळ वाजतो, मग उचलला जातो.

पलीकडे यंत्रांचा आवाज आहे. माणूस ओरडूनच बोलतो. मला काही झालेलं नाही, म्हणतो.

"माहीत आहे," ती म्हणते. "म्हणूनच फोन केलाय. सुटी किती वाजता होते तुमची?"

"साडेसात."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. दवाखान्याची वेळ पाचपर्यंत आहे. यादीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीने पावणेआठ लिहिते, आणि मशीनचा पट्टा आपल्या पिशवीत टाकते.