रांगेतला शेवटचा माणूस

लोकप्रिय क्राफ्ट ब्रुअरीबाहेर, म्हणजे आपल्या धाटणीची बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याबाहेर, रांग लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढी मागणी आहे, तर हे लोक जास्त बिअर का बनवत नाहीत? पाठोपाठ शंका येते, टंचाई मुद्दाम केलेली असणार. काही ठिकाणी ती तशी असतेही. पण बहुतेक वेळा घोडं अडतं ते टाकीपाशी, म्हणून आधी टाकीबद्दल बोलतो.

बिअर शिजवायला एक दिवस पुरतो. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवायचं, गोड रस गाळून घ्यायचा, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) घालून उकळायचा, थंड करायचा. सकाळी काढलेलं काम संध्याकाळी आटोपतं. मग तो रस यीस्टच्या हवाली होतो आणि पुढचं वेळापत्रक यीस्टचं असतं. बिअरचे दोन मुख्य प्रकार: साधी एल दोन-तीन आठवडे टाकी अडवून बसते, थंडाव्यात सावकाश आंबणारी लागर चार ते आठ आठवडे. समजा सहा टाक्या आहेत आणि प्रत्येक तीन आठवडे भरलेली राहते. मग भट्टी रोज पेटवता आली तरी आठवड्याला दोनच टाक्या मोकळ्या होणार. घाई केली तर बिअरला लोण्यासारखा वास राहतो. तो घालवण्याचं कामही यीस्टच करतं, फक्त त्याला तेवढे दिवस द्यावे लागतात. बाहेरची रांग बघून हे दिवस कापणाऱ्या ब्रुअरवर माझा भरवसा बसत नाही.

टाक्या वाढवता येतात, हे खरं. हॉप्स मात्र हवे तेव्हा वाढत नाहीत. उत्तर गोलार्धात त्यांची काढणी वर्षातून एकदा, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत होते. सिट्रासारख्या मागणीतल्या हॉप्सच्या जातींचे करार ब्रुअऱ्या खूप आधी करून ठेवतात, आणि नवी वेल पूर्ण भरात यायला दोन-तीन वर्षं लागतात. शिवाय हॉप्स बिअर पितात. ड्राय हॉपिंगच्या वेळी, म्हणजे वासासाठी न उकळता हॉप्स घालताना, त्यांच्या दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या टाकीत टाकल्या की त्या फुगतात, हळूहळू तळाला बसतात. नंतर तळाचा व्हॉल्व्ह उघडला की दाट हिरवा गाळ बाहेर येतो आणि त्यात मुरलेली चांगली बिअरही त्याच्याबरोबर मोरीत जाते. हॉप्स जितके जास्त, तितकी टाकीतून हाती येणारी बिअर कमी. लोक जिच्यासाठी रांग लावतात ती बहुधा हीच बिअर असते.

मग साठा करून ठेवावा? हॉप्सचा वास काही आठवड्यांतच उतरू लागतो. ऑक्सिजन आणि उष्णता लागली तर आणखी लवकर. म्हणून ताजी बिअर दारातच विकण्याला अर्थ आहे. ब्रसेल्समधल्या काँतियाँ ब्रुअरीत अडचण वेगळी आहे. तिथे उकळलेला रस रात्रभर उघड्या, उथळ पात्रात ठेवून हवेतल्या यीस्टने आंबवतात, त्यामुळे काम फक्त थंडीच्या महिन्यांत होतं. आणि त्यांच्या ग्योझ नावाच्या आंबट बिअरमध्ये एक, दोन आणि तीन वर्षं पिंपात मुरलेली बिअर मिसळलेली असते. आज मागणी वाढली म्हणून आज काहीच करता येत नाही.

आता रांगेकडे येऊ. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या वॉटरबरी गावात ‘द अल्केमिस्ट’ नावाचा ब्रुपब, म्हणजे स्वतःची बिअर बनवून तिथेच पाजणारा पब, होता. ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो बुडाला. त्याच सुमारास त्यांचा कॅन भरण्याचा छोटा कारखाना सुरू झाला आणि त्यांच्या ‘हेडी टॉपर’ या बिअरसाठी लांबलांबून गाड्या येऊ लागल्या. गर्दी आणि वाहतूक इतकी वाढली की 2013 मध्ये मालकांनी तिथली किरकोळ विक्रीच बंद केली. जवळच्या स्टो गावात नवी जागा सुरू व्हायला 2016 उजाडलं. माल विकला जात असतानाही शेजाऱ्यांच्या त्रासापायी दुकान बंद करणं मला फार मोठं वाटतं. रांगेचा भार रांगेत नसलेल्यांवरही पडतो, हे त्यांनी ओळखलं.

याहून मोठा धडा बेल्जियममधल्या सेंट सिक्स्टस मठाचा आहे. 2005 मध्ये तिथली ‘वेस्टव्लेटरेन 12’ बिअर-रसिकांच्या मतदानात जगात पहिली आली आणि मठाकडे जाणारा रस्ता गाड्यांनी तुंबला. साधूंनी उत्पादन वाढवलं नाही. मठ चालण्यापुरती बिअर बनवायची, हा त्यांचा नेम आहे. भावही चढवला नाही. त्यांनी फोनवर नोंदणी सुरू केली: गाडीचा नंबर द्यायचा, दिवस आणि वेळ ठरवून घ्यायची, मोजके क्रेट न्यायचे, आणि काही आठवडे पुन्हा फोन करायचा नाही. पुनर्विक्रीला मनाई. तरीही 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने तीच बिअर साधारण पाचपट भावाने विकली. पुढच्या वर्षी मठाने ऑनलाइन विक्री सुरू केली आणि नियम केला, की ज्याला बरेच दिवस बिअर मिळालेली नाही त्याला आधी संधी. हा नियम मला सर्वांत न्याय्य वाटतो. कमी भावाने विकायचं ठरवलं की फरकाचे पैसे दलालाच्या खिशात जाण्याचा धोका असतोच. तो रोखायचा तर कोणाला किती मिळाली याची नोंद ठेवावीच लागते.

प्रत्येक ब्रुअरीला एवढी यंत्रणा परवडत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना जमते. दोन हजार लिटरच्या टाकीतून गाळ आणि नासाडी वजा जाता 1700 लिटर मिळाले, तर अर्ध्या लिटरचे 3400 कॅन भरतात. माणशी बारा दिले तर 283 जणांना पुरतात, सहा दिले तर 566 जणांना. हा हिशेब कॅन भरून होताच मालकाला ठाऊक असतो. म्हणजे 284 वा माणूस येऊन उभा राहतो तेव्हाच त्याला काही मिळणार नाही, हे कळलेलं असतं. तरी त्याला तीन-चार तास उभं ठेवतात, कारण लांब रांगेचा फोटो चांगला दिसतो. याचा मला मनापासून राग येतो. दार उघडण्याआधी एका कर्मचाऱ्याने रांगेच्या टोकापर्यंत चालत जावं, मनगटावर क्रमांकाच्या पट्ट्या बांधाव्यात आणि पट्ट्या संपल्या की पुढच्यांना स्पष्ट सांगावं. पट्टी मिळालेल्याला मग ताटकळायला नको, सांगितलेल्या वेळी आला की झालं.

आणि ज्यांना उभंच राहता येत नाही, किंवा ज्यांची कामाची पाळी नेमकी त्या वेळी असते, त्यांचं काय? त्यांच्यासाठी प्रत्येक बॅचचा एक वाटा बाजूला काढून सोडतीने द्यावा. नावनोंदणी आठवडाभर आधी उघडावी, आणि ज्याचं नाव एकदा निघालं त्याने पुढच्या काही सोडतींत थांबावं.