दुहेरी भूमिका

(निवेदन)

बडोद्याचं कलाभवन. राजमहाल रोडवरून आत वळलं की समोर दिसतं ते. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये ही संस्था सुरू केली, कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. आज इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे, आणि या कॉरिडॉरच्या टोकाला बसलेली मुलं मशीनला माणसाचा चेहरा ओळखायला शिकवताहेत.

याच संस्थेत धुंडिराज गोविंद फाळके शिकले. त्र्यंबकेश्वरचा मुलगा, मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून इथे आलेला. तैलरंग, जलरंग, मॉडेलिंग, वास्तुकला, जे मिळेल ते त्यांनी आत्मसात केलं. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना फोटोग्राफीचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा मोकळी करून दिली, तीन रंगांचे ब्लॉक बनवायचं तंत्र शिकायला रतलामलाही पाठवलं. सिनेमा आपल्याकडे येण्याआधीच त्याचा कारागीर इथे तयार होत होता.

मग १९१३, ‘राजा हरिश्चंद्र’. तारामती करायला बाई मिळेना. फाळक्यांना ग्रँट रोडच्या एका खाणावळीत एक नाजूक हातांचा स्वयंपाकी दिसला, अण्णा साळुंके. भारतीय सिनेमाची पहिली नायिका ही. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच. एका देहात दोन माणसं, आणि प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडले.

(रंगपट. आरसा, बल्ब, आरशाच्या कोपऱ्यात बालगंधर्वांचा जुना फोटो.)

बडोद्यातल्या डांडिया बाजारातल्या या रंगपटात आज एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी बसला आहे. हौशी मंडळींचं नाटक आहे, त्यात त्याचा स्त्रीपार्ट. रंगभूषा करणारे काका आधी दाढीची निळसर झाक झाकतात. त्यावर पॅनकेक, ओल्या स्पंजने थोपटून थोपटून. भुवया बारीक. डोळ्यांत काजळ. मग नऊवारी: निऱ्या पोटाशी खोचायच्या, कासोटा मागे घट्ट ओढायचा, पदर खांद्यावरून पुढे आणायचा. शेवटी चापाची नथ.

“काका, नथ टोचतेय हो.”

“टोचू दे रे. टोचली की मान आपोआप जागेवर राहते.”

आणि खरंच, बघा, मान वळण्याची पद्धतच बदलली. हनुवटी थोडी खाली आली, नजर तिरकी झाली.

(लॅब. तोच मुलगा, तोच मेकअप, समोर वेबकॅम.)

आता स्क्रीनवर त्याच चेहऱ्यावर मशीनने मांडलेले ६८ ठिपके. जबड्याच्या कडेने १७, दोन भुवयांवर पाच-पाच, नाकावर ९, डोळ्यांभोवती सहा-सहा, ओठांवर २०. तो हसतो, ठिपके पसरतात. तो डोळा मिटतो, सहा ठिपके एका रेषेत येतात. नथ हलली की वरच्या ओठावरचे ठिपके क्षणभर भरकटतात, नाकावर उडी मारतात, परत येतात. मशीनला ओठ सापडेनासा होतो तो क्षण आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. काकांना दाखवला. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “आणि मान? मान कुठे मोजली?” मान मोजलेली नव्हती.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मशीन विचार करू शकतं का या प्रश्नावर निबंध लिहिला. त्याची सुरुवात कॉम्प्युटरने होत नाही, एका खेळाने होते. दुसऱ्या खोलीत एक पुरुष, एक स्त्री. उत्तरं फक्त लिहून येणार. पुरुषाने असं उत्तर द्यायचं की विचारणारा त्यालाच स्त्री समजेल. मग ट्युरिंग विचारतात, या पुरुषाच्या जागी मशीन बसवलं तर? साळुंक्यांना हा खेळ समजावून सांगावा लागला नसता.

सिनेमानेही मशीन दाखवायचं म्हटल्यावर हाच मार्ग धरला. १९२७ चा जर्मन ‘मेट्रोपोलिस’: मारिया ही कामगारांची आवडती मुलगी आणि तिचं रूप घेतलेलं यंत्र, दोन्ही ब्रिगिटे हेल्मने केलं. धातूसारखा दिसणारा तो सांगाडाही तीच अंगावर चढवून उभी राहायची. तो अंगाला रुतायचा, तिला चालणं मुश्कील व्हायचं. आपण पडद्यावर पाहतो ते लखलखतं यंत्र म्हणजे आत घामाघूम झालेली एक मुलगी आहे. २०१० चा तमिळ ‘एंदिरन’ आपण हिंदीत ‘रोबोट’ म्हणून पाहिला. त्यात शास्त्रज्ञ रजनीकांत, रोबोटही रजनीकांत. जन्मनाव शिवाजीराव गायकवाड, घरची भाषा मराठी. बडोद्यात हे आडनाव घेतलं की लोक जरा सरळ बसतात.

आणि १९८२ चा ‘ब्लेड रनर’. तिथली एक तरुणी आपण माणूस आहोत हे पटवायला आईसोबतचा लहानपणचा फोटो पुढे करते. फोटो आहे, आठवण आहे, पण ती आठवण दुसऱ्या मुलीची, हिच्यात भरलेली. मग माणूस कशाने ठरायचा? त्या सिनेमाचं उत्तर मला शेवटाकडे मिळतं. आयुष्य संपत आलेलं एक मानवी यंत्र पावसात बसून बोलतं. सगळे क्षण हरवून जातील, पावसातल्या आसवांसारखे, हे वाक्य पटकथेत नव्हतं. रुटगर हाउअर या नटाने आदल्या रात्री लांबलचक भाषण छाटलं आणि हे वाक्य स्वतः घातलं. यंत्राच्या तोंडचं सगळ्यात माणसाचं वाक्य एका माणसाने जागून लिहिलं.

या सिनेमांनी यंत्राला जे जे माणूसपण दिलं ते कुणाकडून तरी घेऊन दिलं. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या सिनेमातल्या हाल ९००० या कॉम्प्युटरचा तो थंड, सौम्य आवाज डग्लस रेन या कॅनडाच्या रंगभूमीवरच्या नटाचा. बंद पडताना हाल ‘डेझी बेल’ हे जुनं गाणं गातो, कारण १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या खऱ्या कॉम्प्युटरने तेच गायलं होतं. पण आपल्याला गलबलून येतं ते रेनमुळे.

आजपर्यंत दुहेरी भूमिका करणाऱ्याला निदान माहीत तरी असायचं की आपण ती करतोय.

२०२३ मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते, एआयने केलेली आपली प्रतिकृती हा त्यातला एक मोठा मुद्दा. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज आणि चेहरा परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. खाणावळीतल्या साळुंक्यांना कोर्टात जाणं कुठून परवडणार होतं, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

(टेबलावर वहीचा फाडलेला कागद.)

आपल्या या मुलाने आधी लेखी करून घेतलं. लॅबमधले सगळे त्याचे मित्रच, तरीही. कागदावर मराठीत लिहिलंय: चेहरा फक्त नाटकाच्या ट्रेलरसाठी. प्रयोग झाला की फाइल पुसायची, मी समोर असताना. आवाज घ्यायचा नाही.

चेहरा दिला, मग आवाज का नाही, असं मित्राने विचारलं.

“तिचा आवाज मी अजून शोधतोय रे,” तो म्हणाला. “तालमीत रोज वेगळा लागतो. मला सापडू दे आधी, मग बोलू.”

दोघांनी खाली सह्या केल्या आणि काकांना साक्षीदार केलं.