मान घासून तो डाग जाणार नाही

श्रोतेहो, नमस्कार.

"किती घासली तरी हिची मान काळीच, डॉक्टर," असं सांगणाऱ्या आया मला नेहमी भेटतात. शेजारी पंधरा-सोळा वर्षांची लेक, खाली मान घालून. आयांनो, तो मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन वाढलं की मानेवरची, काखेतली कातडी जाड आणि काळपट होते. हेच इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त तयार करायला लावतं. मग हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमं जात नाहीत आणि पाळी दोन-दोन महिने लांबते. हा पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम; आपण सर्रास पीसीओडी म्हणतो तो. सडपातळ मुलींनाही तो होतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'सिस्ट' वाचून घरात रडारड होते. त्या वाढता वाढता मध्येच थांबलेल्या बीजांच्या बारीक पुटिका असतात, कापून काढण्याजोगं त्यात काही नसतं. कोवळ्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही तशा दिसतात. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून 8 वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं 2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

"लग्न झालं की होईल सुरळीत." हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर आत साचत जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तीन महिने पाळी आली नाही, तर स्थळं बघत बसू नका, मुलीला तपासायला आणा.

गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या की घरचे दचकतात. त्या अस्तर सांभाळतात, केस-मुरुमं कमी करतात; त्यांनी पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलं म्हणजे मुलीला मधुमेह झाला, असंही नाही. गोळ्यांनी आजार मुळातून जात नाही, तो आटोक्यात राहतो. वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी परत येते. त्यासाठी तिला उपाशी ठेवू नका, जेवताना टोमणे तर मुळीच नकोत. पोटभर भाकरी-उसळ खाऊ द्या, संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जा.

येताना मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणा. कॅलेंडरची पानं फाडून आणलीत तरी चालतील. आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं तिला देऊ द्या.