सोरायसिसचे हट्टी चट्टे आणि औषधी पट्टी

कोपर आणि गुडघ्यांवरचे सोरायसिसचे चट्टे फार चिवट असतात. तिथली कातडी मुळातच जाड, त्यात ती सतत वाकते आणि घासली जाते, आणि लावलेले मलम बघता बघता कपड्यांना पुसून जाते. वर्षानुवर्षे हा आजार सोसणारी माणसे ‘औषधाचा गुण येत नाही’ म्हणून कंटाळतात, तेव्हा पुष्कळदा औषध योग्यच असते. ते हव्या त्या ठिकाणी हवा तितका वेळ टिकत नाही, एवढेच. औषधी पट्टीचा उपयोग नेमका इथे होतो.

निरोगी त्वचेत तळाच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती विनाकारण चेतवली जाते आणि हाच प्रवास 3 ते 5 दिवसांत उरकतो, त्यामुळे अर्धवट पिकलेल्या पेशी एकमेकींना चिकटून चंदेरी खपल्यांचे थर साचतात. अशी खपली हलकेच खरवडली, तर खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात, कारण फुगलेल्या रक्तवाहिन्या तिथे अगदी वरपर्यंत आलेल्या असतात. दाह शमवायचा तर औषधाला खपल्यांचा हा थर ओलांडून तिथवर पोचावे लागते.

1961 मध्ये सुल्झबर्गर आणि विटेन या त्वचारोगतज्ज्ञांनी मलमावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लावण्याची पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी एका साध्या खुणेचा आधार घेतला. स्टेरॉइडमुळे, म्हणजे दाह शमवणाऱ्या औषधामुळे, रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचा फिकट पडते. त्या फिकटपणावरून त्यांनी दाखवून दिले की, जागा झाकून ठेवल्यास औषधाचे शोषण शंभर पटींपर्यंत वाढू शकते. झाकलेल्या त्वचेतला ओलावा उडून जात नाही, वरचा कोरडा थर भिजून सैल होतो आणि औषधाला वाट मिळते.

आजची बीटामेथॅसोन व्हॅलरेट या जोरकस स्टेरॉइडची चिकटपट्टी याच तत्त्वावर चालते. 7.5 बाय 10 सेंटिमीटरच्या पट्टीत 2.25 मिलिग्रॅम औषध असते आणि ती चट्ट्याच्या आकाराप्रमाणे कापता येते. जागा धुऊन पूर्ण कोरडी करून ती लावायची, 24 तास ठेवायची आणि काढल्यावर निदान अर्धा तास जाऊ देऊन नवी लावायची. मला तिचा आणखी एक गुण तितकाच मोलाचा वाटतो: तिच्याखाली नखे पोचत नाहीत. सोरायसिसच्या रुग्णात जिथे त्वचेला इजा होते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. म्हणून खाजवणे थांबणे हाही उपचारच आहे. याच कारणासाठी पट्टी कधीही खसकन ओढू नये, कडेने हळूहळू सोडवावी.

मात्र ज्या वाटेने गुण येतो, त्याच वाटेने अपायही येतो. जोरकस स्टेरॉइड झाकून ठेवल्यास त्वचा पातळ होते, तिच्यावर वळ पडतात, केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. आणि मोठ्या भागावर वापरल्यास औषध रक्तात उतरून अधिवृक्क ग्रंथींचे (मूत्रपिंडांवरच्या, संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथींचे) काम मंदावू शकते. म्हणून दिवसाला जास्तीत जास्त 6 पट्ट्या आणि सलग जास्तीत जास्त 30 दिवस, ही मर्यादा आहे. चेहरा, काखा, जांघा आणि जंतुसंसर्ग झालेली त्वचा पूर्णपणे वर्ज्य. घरात उरलेले जोरकस मलम लावून त्यावर आपल्या मनाने प्लॅस्टिक गुंडाळणे तर मुळीच नको. कळकळीने सांगतो, अशाने झालेली त्वचेची हानी सहजासहजी भरून येत नाही.

अंगभर पसरलेल्या सोरायसिसला पट्टी पुरी पडत नाही; तिथे प्रकाशोपचार, गोळ्या किंवा इंजेक्शने यांचा विचार करावा लागतो, आणि हा आजार सांध्यांनाही धरू शकतो, म्हणून सांधे सकाळी आखडत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मोजक्या चट्ट्यांसाठी पट्टी उत्तम. चट्टा सपाट झाला की पट्टी थांबवून त्वचा मऊ ठेवणारे साधे मलम नियमित चालू ठेवावे, आणि गरजेनुसार कॅल्सिपोट्रिऑलसारखे स्टेरॉइडविरहित औषध सुरू करण्याविषयी तज्ज्ञांना विचारावे.